आग्वाद, अंदमान, स्वतंत्रपूर, कोलवाळ: तुरुंग बदलले म्हणजे नक्की काय बदललं?

शापोराकाठ

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या खालच्या कोटातलं जुनं सेंट्रल जेल आता संग्रहालय झालं आहे. गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ ला, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून घरी पाहुणे आले की सिकेरीचा किनारा आणि आग्वादचं जेल असा बेत ठरलेलाच असतो. गोवा मुक्तीसाठी लढलेल्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना ठेवलं ती कोठडी आणि राममनोहर लोहियांना ठेवलं ती कोठडी, दोन्ही जपल्या आहेत. तिथे पोचल्यावर माणसं आपोआप हळू बोलू लागतात, आणि ते योग्यच आहे.

मला मात्र तिथे दरवेळी एक गोष्ट खटकते. १९६१ ला पोर्तुगीज गेले, जेल तिथेच राहिलं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं आपलंच सरकार ते वापरत होतं. २०१५ मध्ये कोलवाळचं नवं मध्यवर्ती कारागृह तयार झालं, तेव्हा कुठे आग्वाद रिकामं झालं. या अर्ध्या शतकात चोरीतले, अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले, खुनातले आणि ज्यांच्यावर काहीच सिद्ध झालेलं नव्हतं असे कितीतरी लोक तिथे राहून गेले. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. मी कोलवाळच्या जवळच राहते, त्या भिंतीशेजारून माझी रोजची ये-जा आहे. म्हणून हा धागा.

तुरुंगांचे प्रकार विचारले तर मध्यवर्ती, जिल्हा, उपकारागृह, महिला, खुलं अशी यादी मिळते. सरकारी कामाला ती पुरते. मला वाटतं, तुरुंग कशासाठी आहे यावरून प्रकार पाडले तर जास्त कळतं.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे थांबवून ठेवायची जागा. शिक्षा वेगळीच असायची: फटके, हद्दपारी, गलबतावर वल्ही मारायला पाठवणं, मृत्युदंड. कोठडी फक्त तोवर. जुन्या गोव्यातलं इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, कारागृह याच जातीचं. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं वगळता, ते न्यायासन चालू होतं. दलों नावाच्या एका फ्रेंच वैद्याला १६७० च्या दशकात तिथे डांबलं होतं आणि सुटून मायदेशी गेल्यावर त्याने सगळं लिहून ठेवलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आरोप काय आहे, हे कैद्याला सांगतच नसत. त्याने एकट्याने कोठडीत बसून आपला गुन्हा कोणता असेल ते आठवायचं आणि तो कबूल करायचा. चुकीचं आठवलं तर परत कोठडीत. दलोंने तिथे जीव द्यायचाही प्रयत्न केला होता.

दुसरा प्रकार किल्ल्यांतला. आग्वाद १६१२ चा, रेईश मागुश १५५१ चा. दोन्ही बांधले मांडवीच्या तोंडाशी शत्रूची जहाजं अडवायला. पुढे तोफांचं काम संपलं, आणि जाड भिंती, मोजकेच दरवाजे, खाली पाणी अशी जागा सरकारला आयती मिळाली. माणसं राहतील, आजारी पडतील, म्हातारी होतील असा विचार करून त्यातली एकही भिंत उभी राहिलेली नव्हती. रेईश मागुशमध्ये १९९३ पर्यंत कैदी होते. नंतर त्याची डागडुजी झाली आणि २०१२ पासून तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं बघायला लोक जातात.

तिसरा प्रकार, शिक्षा म्हणूनच बांधलेला तुरुंग. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथमने इंग्लंडात पॅनॉप्टिकॉनचा आराखडा मांडला. गोल इमारत, कडेने कोठड्या, मधोमध मनोरा. मनोऱ्यातून सगळे दिसणार, पण आपल्यावर आत्ता नजर आहे की नाही हे कैद्याला कळणार नाही. १८२९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उघडली, ती मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या इमारतींची. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, कोठडीला लागून छोटं अंगण, आणि बाहेर न्यायचं तर डोक्यावरून बुरखा, म्हणजे दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. ती बांधणारी माणसं दुष्ट नव्हती. एकांतात माणूस देवाला आठवेल, त्याला पश्चात्ताप होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिथे जाऊन आला आणि मनाचा हा छळ शरीराच्या छळापेक्षा वाईट आहे असं त्याने लिहिलं. न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नला दुसरी रीत होती: रात्री वेगळ्या कोठड्या, दिवसा एकत्र काम, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. कामातून पैसा निघतो म्हणून अमेरिकेत पुढे तीच जास्त पसरली.

आपल्याकडचं अंदमानातलं सेल्युलर जेल या फिलाडेल्फियाच्या वंशातलं आहे. १८९६ ला काम सुरू, १९०६ ला पूर्ण. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात तीनमजली इमारती, आणि एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीच्या दारात उभं राहिलं तरी समोर माणूस दिसायचा नाही. नकाशा तोच, पण पश्चात्तापासाठी काढलेला एकांत इथे माणूस मोडायला वापरला. इमारतीचा आकार बघून तुरुंग सुधारला की बिघडला हे ठरवता येत नाही, ते मला या उदाहरणावरून पटलं.

आणि आता माझा खरा मुद्दा. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, क्षमतेच्या १३१ टक्के. त्यातले जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी. म्हणजे दर चारातल्या तिघांना अजून शिक्षा झालेलीच नाही. आपण नवी इमारत बांधली, सीसीटीव्ही लावले, व्हिडिओवर तारखा सुरू केल्या, पण तुरुंगाचं मुख्य काम परत तेच होऊन बसलं आहे, जे जुन्या गोव्यात होतं: निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवणं. या बाबतीत आपण खरंच पुढे गेलो का? जाणकारांनी लिहावं.

निवृत्त_मास्तर

ताई, धागा उत्तम काढलात. आग्वादबद्दल थोडी भर घालतो, कारण आजच्या मुलांना तिथल्या पाटीपलीकडचं कुणी सांगत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैद्याचा प्रवास साधारण ठरलेला असे. आधी पणजीचं पोलीस क्वार्तेल, म्हणजे पोलिसांचं मुख्यालय. खरी मारहाण तिथे व्हायची. छळासाठी कुप्रसिद्ध पोलीस कासिमिरो मोंतेरो, हे नाव जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या तोंडून ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको. मग लष्करी न्यायालय, मग आग्वाद, आणि फार जड वाटलेला माणूस असेल तर थेट पोर्तुगाल. कुन्हा हे लष्करी न्यायालयापुढे उभे केलेले गोव्यातले पहिले नागरिक. आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना समुद्रापलीकडे पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. १९५० मध्ये ते पोर्तुगालमधून निसटले आणि पुढे मुंबईत येऊन लढत राहिले. पुरुषोत्तम काकोडकरांनाही पोर्तुगालला पाठवलं होतं. १९५५ च्या सत्याग्रहानंतर नानासाहेब गोरे, मधू लिमये, त्रिदिब चौधरी अशा माणसांना लांबलांबच्या शिक्षा झाल्या.

आणि मोहन रानडे. मूळ सांगलीचे, सावई-वेरेला मराठी शिकवायला आलेले मास्तर. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. जानेवारी १९६९ मध्ये सुटले. तेलो मास्कारेन्यश तर १९७० मध्ये. आपण दर वर्षी १९ डिसेंबरला झेंडा फडकवत होतो आणि आपली माणसं परक्या देशात गजाआड होती, हे शाळेत शिकवताना मला नेहमी बोचायचं.

आणखी एक. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला पोचलं. आग्वादमध्ये आपले कैदी आहेत असं कळल्यावर सेव्हन्थ कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू तुकडी घेऊन तिकडे निघाले. आतल्या पोर्तुगीज सैनिकांना शरणागतीचा हुकूम पोचलेला नव्हता. त्यांनी गोळीबार केला. सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल तिथे मारले गेले. आग्वादला गेलात तर कोठड्यांबरोबर या दोघांचीही आठवण काढा.

पेनिशचा किल्ला १९३४ ते १९७४ पोर्तुगालच्याही राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आल्वारो कुन्याल हे तिथले कम्युनिस्ट पुढारी ३ जानेवारी १९६० ला सहकाऱ्यांसह तिथून निसटले. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने हा किल्ला हॉटेलासाठी द्यायचा विचार केला. जुने कैदी आणि त्यांची मुलंबाळं संतापली, सरकारने माघार घेतली, आणि २०२४ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आग्वाद खाजगी कंपनीकडे चालवायला दिल्यावर आपल्याकडेही वाद झाला, पण तेवढा रेटा आपण लावू शकलो नाही. माझं स्पष्ट मत आहे, अशा जागेत पार्ट्यांना आणि दारूला थारा नको.

वास्कोकार_

वास्कोजवळच्या सड्याचंही नाव घ्या. तिथलं उपकारागृह बंद झाल्यावर आमच्या भागातल्या कैद्यांना भेटायला कोलवाळ गाठावं लागतं. वास्को, पणजी, म्हापसा, मग कोलवाळ. बस बदलत बदलत अर्धा दिवस जातो. सांग्याची, काणकोणची माणसं काय करत असतील? सगळे कैदी एका जागी ठेवले की सरकारला सोयीचं, घरच्यांना नाही. तुरुंग कसा आहे हे बघताना तो घरापासून किती लांब आहे हेही बघायला हवं. पोर्तुगीज लांब पाठवायचे ती शिक्षा होती, हे तर मास्तरांनी वर लिहिलंच आहे.

फोंड्याचा_वकील

शापोराकाठ, तुमच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने उत्तर देतो. जरा लांबेल.

आपले तुरुंग अजूनही मुख्यतः १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टच्या सांगाड्यावर उभे आहेत. केंद्राने २०२३ मध्ये नवा नमुना कायदा तयार केला, पण तुरुंग हा राज्यांचा विषय, म्हणून तो राज्यांनी स्वीकारायचा आहे. १८९४ च्या कायद्याला शिस्त आणि कोंडून ठेवणं कळतं, माणूस सुधारणं त्याच्या बोलीत नाही. सुधारणा हे उद्दिष्ट सरकारी कागदावर ठळकपणे आलं ते १९१९-२० च्या जेल कमिटीमुळे.

खरा बदल घडला तो मात्र कैद्यांच्या स्वतःच्या अर्जांमुळे. आणि यातलं एक नाव गोव्याला चांगलं माहीत आहे. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला ६ एप्रिल १९८६ ला पर्वरीच्या हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी पकडलं, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी १६ मार्चला तो तिहारमधून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई देऊन पळाला होता. पण त्याही आधी, १९७८ मध्ये, त्याचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तिहारमध्ये त्याच्या पायात रात्रंदिवस दांडाबेडी होती. दोन पाय लोखंडी दांड्याने जोडलेले. झोपतानाही तसेच. त्याचबरोबर सुनील बात्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचा अर्ज होता, त्याला एकांतकोठडीत ठेवलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही अर्ज एकत्र ऐकले. फाशीची शिक्षा अंतिम होईपर्यंत, म्हणजे अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत, कैद्याला एकांतात टाकता येणार नाही असं ठरलं. मनाला येईल तेव्हा, वाटेल तितके दिवस बेड्या घालायच्या या अधिकारालाही लगाम बसला. शोभराज किती वाईट माणूस होता हे जगाला ठाऊक आहे. पण त्याच्या पायातल्या बेडीमुळे पुढे हजारो साध्या कैद्यांचे पाय मोकळे राहिले.

पुढे याच बात्राने तुरुंगातून न्यायाधीशांना एक पत्र लिहिलं: शेजारच्या कैद्याला एका वॉर्डरने पैशांसाठी भयंकर छळलं आहे. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. डिसेंबर १९७९ चा तो निकाल. ना वकील, ना स्टँप पेपर, नुसतं पत्र.

एकांतवास अजून संपलेला नाही, हेही सांगतो. जुन्या दंड संहितेत शिक्षेचा भाग म्हणून एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतवास देता येई, एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती तरतूद तशीच पुढे चालवली. फिलाडेल्फियाची सावली आपल्या कायद्यात आजही आहे.

आणि जात. कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचे, हे जातीवरून ठरवलेलं होतं. ब्रिटिशांनी लिहिलं, आपण ते छापत राहिलो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर हे सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. बघा, २०२४ साल. इमारत बदलायला पैसे लागतात, नियमातली ओळ खोडायला तेवढेही लागत नव्हते.

म्हापसेकर

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि कुणी गैरसमज करून घेऊ नये.

माझं दुकान फोडलं होतं. ज्याला पकडलं तो जामिनावर सुटला आणि परत तशाच एका गुन्ह्यात सापडला. माझी वृद्ध आई त्या दिवसापासून रात्री एकटी खालच्या मजल्यावर झोपत नाही. तिच्या या झोपेचा हिशेब कुठल्या कमिटीने केला? नॉर्वेच्या तुरुंगांचे फोटो लोक कौतुकाने फिरवतात, खोलीत फ्रीज, खिडकीला गज नाहीत. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याने ते फोटो कसे बघायचे? माझ्या मते तुरुंग कठोरच असायला हवा. आत जायची भीती वाटली पाहिजे.

शापोराकाठ

म्हापसेकर, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांची बाजू बाजूला सारून हा विषय पूर्ण होत नाही, हे मला मान्य आहे.

नॉर्वेचं हाल्डन २०१० मध्ये सुरू झालं, त्याबद्दल म्हणता आहात ना? तिथला विचार असा, की स्वातंत्र्य काढून घेणं हीच शिक्षा, तिच्यावर आणखी हाल चढवायचे नाहीत, कारण हा माणूस एक दिवस आपल्याच शेजारी राहायला येणार आहे. धोका संपलेला नाही असं वाटलं तर न्यायालय काही प्रकारच्या शिक्षा वाढवत नेऊ शकतं, सरसकट मोकळीक तिथेही नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं फ्लोरेन्सचं जेल, १९९४ चं. दिवसातले सुमारे तेवीस तास कोठडीत, माणसाशी संबंध जवळपास नाही. दोन्ही देश श्रीमंत, दोन्ही इमारती आधुनिक, एकाच पिढीतल्या. भीतीने माणूस सुधारत असता तर अमेरिकेला इतके तुरुंग भरावे लागले नसते, असं मला वाटतं.

तुमच्या दुकानाबाबत एक विचारते. तो मुलगा पहिल्यांदा आत गेला तेव्हा त्याला कुणाबरोबर ठेवलं असेल? १८९४ च्याच कायद्यात, कलम २७ मध्ये, शिक्षा झालेले आणि न झालेले वेगळे ठेवा असं लिहिलेलं आहे. तरुण मुलांनाही वेगळं ठेवायचं आहे. गर्दी झाली की सगळ्यात आधी हाच नियम मोडतो. पहिल्या चोरीतला मुलगा मुरलेल्या माणसाशेजारी सतरंजी टाकतो. मग तो बाहेर येऊन काय करणार?

म्हापसेकर

वेगळं ठेवण्याचा मुद्दा पटला. बाकीचं नाही पटलं. नुकसानभरपाईचंही कुणी बोला कधीतरी.

जास्वंद

मी इथे फार लिहीत नाही, नेहमी वाचतच असते. पण हा धागा वाचून राहवलं नाही. कुठला तुरुंग ते लिहीत नाही.

माझा चुलतभाऊ कच्चा कैदी म्हणून आत होता. शेवटी तो निर्दोष सुटला, पण तोवर वर्षं गेली, नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. मला सांगायचंय ते त्याच्या चष्म्याबद्दल. त्याचा नंबर मोठा आहे. आत पहिल्याच आठवड्यात धक्काबुक्कीत चष्मा फुटला. आम्ही नवा नेला तर धातूच्या काड्या चालत नाहीत म्हणून दारातून परत. बरोबर आहे, नियम असेल. प्लॅस्टिकचा करून नेला तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठी आणली तर ज्यांची सही हवी ते साहेब रजेवर. या सगळ्यात कित्येक महिने तो चष्म्याशिवाय होता, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्या हातात आरोपपत्र दिलं. जाडजूड कागद. त्याला ते वाचताच येत नव्हतं. शेजारचा एक नायजेरियन कैदी, त्याला मराठी येत नाही, याला इंग्रजी जेमतेम. तो इंग्रजी पानं मोठ्याने वाचायचा आणि माझा भाऊ कळेल तेवढं लक्षात ठेवून मुलाकातीत आम्हाला सांगायचा.

मुलाकात म्हणजे काचेपलीकडून फोनवर. शेजारी सगळे एकाच वेळी ओरडत असतात, कारण फोनमधून आवाज नीट येत नाही. चवथीला काकीने नेवऱ्या नेल्या होत्या, त्या आत घेतल्या नाहीत. काकी नंतर नेवऱ्या करायचीच बंद झाली.

वर दलोंबद्दल वाचलं, आरोप माहीत नसताना बसून राहायचं. माझ्या भावाच्या हातात आरोप होते आणि त्याला ते दिसत नव्हते. मला यात फार फरक वाटत नाही.

निवृत्त_मास्तर

जास्वंद बाय, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. भाऊ आता कसा आहे?

जास्वंद

बरा आहे काका. म्हावऱ्याच्या होड्यांवर हिशेबाचं काम करतो. गर्दीत जात नाही.

माणदेशी_वेर्ण्यात

मी मूळचा आटपाडीचा, सध्या वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला. धाग्यात खुल्या तुरुंगाचा विषय कसा नाही आला अजून? आमच्या गावाजवळचं स्वतंत्रपूर हे आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या खुल्या वसाहतींपैकी एक आहे. १९३९ ची गोष्ट. औंधच्या संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं राज्य. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर, गांधीजींचा अनुयायी, भारतानंद म्हणून ओळखला जाणारा, तो तिथे होता. त्याच्या पुढाकाराने जन्मठेपेसारख्या मोठ्या शिक्षा झालेल्या कैद्यांना माळरानावर आणून वसवलं. भिंत नाही. बायकामुलांसकट राहायचं, जमीन कसायची. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचलेला, हे आमच्याकडे पोराबाळांना माहीत आहे.

माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. पळून जायला चारी दिशा मोकळ्या. तरी माणसं राहायची. लहानपणी आम्ही त्या बाजूने जायचो तेव्हा तिथले लोक भाजी विकायला बाजाराला येत. कोण कैदी, कोण नाही, विचारल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या आज्जीला त्यांच्याकडची मेथी आवडायची, जुडी मोठी बांधतात म्हणायची.

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून असंच चालू आहे. कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात जाऊन कमावतात, संध्याकाळी हजेरीला परत. जेवणखाण स्वतःच्या कमाईवर. कैद्यांची स्वतःची पंचायत आहे. सरकारला बंद तुरुंगापेक्षा खर्चही कितीतरी कमी. महाराष्ट्रात पैठणलाही खुलं कारागृह आहे. अर्थात तिथे पाठवतात ते शिक्षा झालेले, आत काही वर्षं चांगलं वागलेले. गोव्यात शेती पडीक आहे, कुळागरांना माणूस मिळत नाही म्हणून सगळे रडतात. सत्तरीत नाहीतर सांग्यात लहानशी अशी वसाहत करायला काय हरकत आहे?

सत्तरीकर

माणदेशी, कल्पना चांगली, पण आमच्याकडे येऊन गावच्या बैठकीत मांडलीत तर पहिल्या दिवशी लोक विरोध करतील. जंगलाला लागून गावं, बायामाणसं एकटी काजूला जातात. आधी विश्वास बसायला हवा. खून करून आलेला माणूस शेजारी, हे ऐकायलाच जड जातं.

तरी एक सांगतो. आमच्या गावात एक जण जन्मठेप भोगून परत आला. पॅरोलवर यायचा तेव्हाच गावाला सवय झाली. आज त्याच्या घरचं फणसाचं झाड पोरं लुटतात आणि तो काही म्हणत नाही. एकदम सुटून आला असता तर कदाचित गावाने उभा केला नसता. थोडं थोडं बाहेर सोडणं, हे भिंतीच्या उंचीपेक्षा महत्त्वाचं असावं.

वास्कोकार_

+१. हेच.

वकीलसाहेब, एक व्यवहारातला प्रश्न. आमच्या वाड्यावरची एक बाई आहे, धुणीभांडी करते. नवरा किरकोळ चोरीच्या केसमध्ये आत, जामीन मंजूर होऊन बराच काळ झाला, पण हमीदार नाही आणि पैसे भरायला नाहीत म्हणून तो आतच. हे कायदेशीर आहे? तिने काय करावं?

फोंड्याचा_वकील

दुर्दैवाने हे सर्रास घडतं, आणि तिच्यासाठी वाटा आहेत. तीन गोष्टी सांगतो, तिला समजावून सांगा.

पहिली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आयुष्यात पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ माणूस कच्चा कैदी म्हणून आत राहिला असेल, तर न्यायालयाने त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे हमीदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं आहे. आधी शिक्षा झालेली असेल तर निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अंगावर एकापेक्षा जास्त प्रकरणं असतील तरी अडचण येते. किनारी भागातल्या अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत तर जामिनाचे नियमच फार कडक आहेत, तिथे या कलमावर फार विसंबू नये. पण किरकोळ चोरीला ते लागतं. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवणं ही तुरुंग अधीक्षकांची जबाबदारी आहे, कैद्याने मागायची वाट बघायची नाही. ही संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ च्या आधीपासून आत असलेल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

दुसरी. जामीन मंजूर आहे पण पैसे नाहीत, अशांसाठी केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना २०२३ पासून आहे. २०२३ मध्ये ठरलेली मर्यादा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५,००० पर्यंत अशी होती. जिल्ह्याची समिती ते मंजूर करते. फार कमी लोकांना हे माहीत आहे.

तिसरी, आणि तिने उद्याच करावी अशी. दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय मडगावला आहे, तिथे जावं. वकील मोफत मिळतो. तिला कामावरून सुट्टी मिळत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करावा, तो राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. नवऱ्याचं पूर्ण नाव, केस नंबर, जामिनाच्या आदेशाची तारीख हातात ठेवा. जामिनाच्या अटी त्याला झेपत नाहीत असा अर्ज करता येतो आणि न्यायालय रक्कम कमी करू शकतं किंवा नुसत्या जातमुचलक्यावर सोडू शकतं. केस नंबर मिळाला नाही तर मला इथेच व्यक्तिगत निरोपात आरोपीचं नाव आणि पोलीस ठाणं कळवा, मी ई-कोर्टवर शोधून देतो.

वास्कोकार_

आभारी आहे. ती संध्याकाळी कामावरून परतते, आजच सांगतो. केस नंबर बहुतेक तिच्याकडे कागदावर आहे, फोटो काढून तुम्हाला निरोपात पाठवतो.